जँगो ५.२ : जळगाव-धुळ्याच्या कामाला कितपत उपयोगी?

बाजार समितीची आवक, जिनिंगचा वजनकाटा, पतसंस्थेची कर्जखाती, दूध संस्थेचं दर दहा दिवसांचं बिल. खान्देशात वेब सॉफ्टवेअरची मागणी बरीचशी अशाच कामांची असते. पहिल्या वर्षी बनवून द्यायचं आणि पुढची सात-आठ वर्षं तेच सांभाळायचं. मोठी रक्कम एकदाच हातात पडते, नंतर फक्त वार्षिक देखभालीचे चार पैसे. अशा धंद्यात फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे वेब सॉफ्टवेअरच्या तयार सांगाड्यात, काय काय भरलंय यापेक्षा ते बदलतं कसं, हे आधी बघावं लागतं. फ्रेमवर्क बनवणाऱ्यांनी न सांगता एखादी सोय काढून टाकली, तर ग्राहकाचा फोन अमेरिकेत जात नाही, आपल्यालाच येतो.

जँगो हे पायथन या प्रोग्रामिंग भाषेतलं फ्रेमवर्क. २००३ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ या वृत्तपत्राच्या कचेरीत त्याचं काम सुरू झालं आणि जुलै २००५ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं झालं. त्या जन्मगावाची खूण आजही कोडमध्ये आहे: सेटिंगमध्ये टाइम झोन लिहिलाच नाही, तर जँगो ‘अमेरिका/शिकागो’ धरून चालतं. परवाना बीएसडी, म्हणजे वापरायला पैसे नाहीत आणि ग्राहकाला दिलेल्या कामाचा कोड उघडा करायची सक्तीही नाही.

दर आठ महिन्यांनी नवी आवृत्ती येते. त्यातली ज्या आकड्याच्या शेवटी ‘.२’ असतं ती दीर्घ आधाराची, म्हणजे तिला तीन वर्षं सुरक्षा-दुरुस्त्या मिळतात. ४.२ एप्रिल २०२३ ची, तिचा आधार एप्रिल २०२६ पर्यंतचा. ५.२ एप्रिल २०२५ ची, ती एप्रिल २०२८ पर्यंत चालेल. ६.० डिसेंबर २०२५ मध्ये आली, पण तिचा आधार एप्रिल २०२७ लाच संपतो. ग्राहकाच्या कामासाठी ५.२ च घ्यावी. ६.० कडे वळण्याची कारणं फारच थोडी आहेत; ती पुढे येतीलच.

ज्याची खरी स्तुती करावी ती गोष्ट म्हणजे बदलावरचा वाद घालण्याची पद्धत. कुणाला एखादी गोष्ट बदलायची असेल तर तिकीट, म्हणजे जाहीर यादीतली नोंद, निघतं. ते ‘स्वीकारलं’ या पायरीला पोचण्याआधी लोक खुसपटं काढतात: जुना कोड मोडेल का, बाहेरच्या पॅकेजमध्ये हे करता येत नाही का, सांभाळणार कोण. पॅच (कोडमधला प्रत्यक्ष बदल) आला तरी त्यासोबत टेस्ट (तो बदल तपासणारा कोड), दस्तऐवज आणि आवृत्तीच्या टिपणात नोंद हवीच. मोठा प्रस्ताव असेल तर स्वतंत्र लेखी मसुदा होतो आणि शेवटी स्टीअरिंग कौन्सिल निकाल देते. रोजची तिकिटं उपसायला जँगो सांभाळणाऱ्या फाउंडेशनने पगारी माणसं ठेवलेली आहेत. याने वेग मारला जातो, हे खरं. एकापेक्षा जास्त रकान्यांची प्रायमरी की (टेबलातली नोंद ओळखण्याची खूण) मागणारं तिकीट क्रमांक ३७३ हे २००५ सालचं. ती सोय आली २०२५ मध्ये, याच ५.२ मध्ये. वीस वर्षं! पण उलट बाजू अशी की जे काढायचं असतं तेही वाजवून काढलं जातं.

लॉगआउटचं उदाहरण घ्या. साध्या लिंकने, म्हणजे गेट विनंतीने (नुसतं पान मागण्याच्या पद्धतीने) लॉगआउट होणं चूक आहे, हे म्हणणारं तिकीट दशकभर पडून होतं. एका बाजूचं म्हणणं: गेट विनंतीने सर्व्हरवरची स्थिती बदलता कामा नये; ब्राउझर लिंक आधीच उघडून ठेवतो, कुणी परक्या पानावर चित्राच्या पत्त्यात लॉगआउटचा पत्ता टाकला तरी माणूस बाहेर फेकला जातो. दुसऱ्या बाजूचं म्हणणं: धोका किरकोळ, पण जगभरातल्या टेम्प्लेटमधली (पानांच्या साच्यांमधली) लिंक मोडेल. निकाल असा लागला की ४.१ मध्ये इशारा द्यायचा आणि ५.० मध्ये बंद करायचं. ऑगस्ट २०२२ ते डिसेंबर २०२३, सोळा महिन्यांची मुदत. तरीही इशारे न वाचता ४.२ वरून थेट ५.२ वर गेलात तर ‘बाहेर पडा’ दाबल्यावर ४०५ ची, म्हणजे ‘ही पद्धत चालत नाही’ अशी चूक दिसेल. उपाय पाच मिनिटांचा: लिंकच्या जागी पोस्ट (माहिती पाठवण्याच्या) पद्धतीचा छोटा फॉर्म, आत सीएसआरएफ टोकन (फॉर्म आपल्याच पानावरून आला याची खूण), आणि बटणाला सीएसएसने लिंकचं रूप.

लॅरावेल या पीएचपी भाषेतल्या फ्रेमवर्कशी तुलना आपल्याकडे होणारच, कारण स्वस्त शेअर्ड होस्टिंगवर पीएचपी लगेच चालतं. लॅरावेलची मोठी आवृत्ती दरवर्षी येते, सुरक्षा-दुरुस्त्या दोन वर्षं मिळतात आणि दीर्घ आधाराची आवृत्ती ६ नंतर निघालेलीच नाही. सात-आठ वर्षांच्या देखभालीचा हिशोब मांडला तर जँगोत दर दोन वर्षांनी एक मोठी उडी पुरते, आणि ती मारायला वर्षभराची सवड असते. होस्टिंगला मात्र बहुधा व्हीपीएस (आपल्या ताब्यातला आभासी सर्व्हर) लागतो. गुनिकॉर्न (जँगो चालवणारा), एनजिनएक्स (वेब सर्व्हर) आणि पोस्टग्रेस (डेटाबेस) बसवता येणारा माणूस घरात नसेल तर हा फायदा पहिल्याच महिन्यात संपतो.

४.२ वरून ५.२ वर जाताना आधी ४.२ वरच पायथनला ‘डब्ल्यूए’ हा पर्याय देऊन टेस्ट चालवाव्यात. पायथन हे इशारे एरवी लपवून ठेवतं, म्हणून कित्येकांना ते आहेत हेच ठाऊक नसतं. सगळे इशारे मिटले की काढून टाकलेल्या गोष्टींपैकी बहुतेकींचा त्रास संपतो. ‘जँगो-अपग्रेड’ हे साधन बरीच जुनी लिखाणं आपोआप बदलून देतं. त्याला लक्ष्य आवृत्ती ५.२ सांगायची. खरा अडथळा असतो बाहेरच्या पॅकेजांचा. प्रत्येकाने ५.२ चा आधार जाहीर केलाय का ते एकेक करून बघा. जे दोन वर्षांत हललेलं नाही ते याच वेळी काढा.

सर्व्हरचंही बघावं लागतं. ५.२ ला पायथन ३.१० आणि पोस्टग्रेस १४ हवं, आणि उबुंटू २२.०४ (सर्व्हरची लिनक्स प्रणाली) मध्ये नेमकं तेच येतं. २०.०४ वरच्या जुन्या सर्व्हरवर पायथन ३.८ आणि पोस्टग्रेस १२ असतं, तिथे आधी सर्व्हरच बदलावा लागेल. ६.० ला पायथन ३.१२ लागतं, म्हणजे उबुंटू २४.०४. निव्वळ यामुळेच बऱ्याच जणांचा ६.० चा प्रश्न परस्पर सुटेल.

वेळेच्या बाबतीत सगळ्यात जास्त घोळ होतो. ‘यूज_टीझेड’ (टाइम झोन पाळायचे का) या सेटिंगचं मूळ मूल्य ५.० मध्ये बंदचं चालू झालं. नव्या प्रकल्पाच्या सेटिंगमध्ये ते कित्येक वर्षांपासून चालूच लिहून येतं, त्यामुळे फटका बसतो तो खूप जुन्या किंवा हाताने छाटलेल्या सेटिंग फाइलला. पोस्टग्रेस असेल तर जुन्या नोंदी बहुधा सांभाळल्या जातात, कारण तिथे वेळ झोनसकट साठवली जाते. मायएसक्यूएल आणि एसक्यूलाइट या डेटाबेसांवर झोनची माहिती नसते. जुनी भारतीय वेळ आता जागतिक वेळ समजली जाते आणि प्रत्येक जुनी पावती साडेपाच तास पुढे सरकते. संध्याकाळी सात वाजताची नोंद दुसऱ्या दिवसात गेली की रोजमेळ जुळत नाही. अपग्रेडआधी सेटिंगमध्ये ‘यूज_टीझेड’ बंद असं स्पष्ट लिहा, अपग्रेड उरका, मग सवडीने डेटा बदला.

ते चालू असलं तरी दुसरा खड्डा आहेच. भाजीपाल्याचे लिलाव पहाटे चालतात. ‘टाइमझोन.नाउ’ मधून तारीख काढली तर ती जागतिक वेळेची तारीख असते, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचपर्यंत कालचीच. त्या वेळात झालेली आवक ‘आज’च्या अहवालात दिसत नाही आणि मापाडी म्हणतो नोंदी उडाल्या. ‘टाइमझोन.लोकलडेट’ वापरा, टाइम झोन ‘एशिया/कोलकाता’ ठेवा. मायएसक्यूएलवर तारखेने गाळणी लावायची असेल तर झोनची कोष्टकं आधी डेटाबेसमध्ये भरावी लागतात; ती नसतील तर तारखेच्या चाळणीतून काहीच हाती लागत नाही.

एनजिनएक्सच्या मागे साइट असेल तर ४.० पासून आलेली ओरिजिन तपासणी (फॉर्म कुठल्या पत्त्यावरून आला ते बघणं) लक्षात ठेवा. बाहेर एचटीटीपीएस, आत साधं एचटीटीपी, त्यामुळे जँगोला दोन्ही वेगळे वाटतात आणि प्रत्येक फॉर्मला ४०३, म्हणजे मनाई मिळते. एनजिनएक्समधून ‘एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो’ हेडर पाठवा, जँगोत ‘सिक्युअर_प्रॉक्सी_एसएसएल_हेडर’ लावा. विश्वासू ओरिजिनच्या यादीतही पत्ता एचटीटीपीएस सकट लिहावा लागतो. नुसतं डोमेन आता चालत नाही. काही जण वैतागून सीएसआरएफच बंद करून टाकतात. पतसंस्थेच्या साइटवर असं कुणी केलेलं दिसलं तर त्याच्याकडून पुढचं काम काढून घ्यावं.

आता संयुक्त प्रायमरी की. पावती क्रमांक दर १ एप्रिलला एकपासून सुरू होतो, म्हणून ‘आर्थिक वर्ष + पावती क्रमांक’ हीच की करण्याचा मोह होतो. करू नये. असं मॉडेल (टेबलाचं कोडमधलं वर्णन) अ‍ॅडमिनमध्ये, म्हणजे जँगोच्या तयार व्यवस्थापन पानांत, नोंदवता येत नाही, दुसऱ्या मॉडेलची साधी फॉरेन की (टेबलांमधला दुवा) त्याच्याकडे लावता येत नाही आणि चालू टेबलाची की मायग्रेशनने (टेबल बदलण्याच्या जँगोच्या पद्धतीने) बदलून मिळत नाही. साधा आयडी ठेवा, दोन रकान्यांवर युनिक कन्स्ट्रेंट (जोडी दुबार येऊ न देणारी अट) लावा. क्रमांक देताना ‘सर्वांत मोठा अधिक एक’ हा हिशोबही टाळा. दोन खिडक्यांवर एकाच क्षणी पावती फाडली तर दोघांना एकच आकडा मिळतो आणि एकाची नोंद आपटते. वर्षानुसार एक काउंटर ओळ ठेवून, ट्रान्झॅक्शनच्या (पूर्ण होईल किंवा अजिबात नाही अशा व्यवहाराच्या) आत ‘सिलेक्ट_फॉर_अपडेट’ने ती अडवून आकडा वाढवा. वीस वर्षं वाट बघून आलेली ही सोय परक्या, आधीच बनलेल्या डेटाबेसला जोडायला कामाची आहे, नव्या कामाला नाही.

अ‍ॅडमिन हा या मालाचा सर्वांत पैसे वाचवणारा भाग. मॉडेल लिहिलं की नोंदणी, शोध, गाळणी, तारखेची उतरंड, कुणी काय बदललं याचा इतिहास हे सगळं थोड्या ओळींत मिळतं. कचेरीतल्या दोन-तीन माणसांपुरतं ते उत्तम आहे. मात्र बिलाच्या फॉर्मवर शेतकरी हा फॉरेन कीचा रकाना असेल आणि सभासद वीस हजार असतील, तर पान उघडताना वीस हजार नावांची यादी उतरते. यावलच्या खेड्यातल्या मोबाइल नेटवर ते पान उघडायची वाट बघणारा कारकून मग वहीच काढतो. ‘ऑटोकम्प्लीट_फील्ड्स’ लावा आणि शेतकऱ्याच्या अ‍ॅडमिनमध्ये ‘सर्च_फील्ड्स’ द्यायला विसरू नका, त्याशिवाय ते चालत नाही. यादीचं पान मंद असेल तर ‘लिस्ट_सिलेक्ट_रिलेटेड’ बघा. आडत्यांना किंवा शेतकऱ्यांना थेट अ‍ॅडमिन देऊ नका. ते त्यासाठी बनलेलंच नाही, दस्तऐवजातही तसं लिहिलंय.

जिनिंगच्या काट्यावर इंटरनेटशिवाय एकाच संगणकावर बसवायचं असेल तर एसक्यूलाइट पुरतं, फक्त ‘डेटाबेस इज लॉक्ड’ ही चूक येत राहते. कारण असं: ट्रान्झॅक्शन आधी वाचायला सुरू होतं आणि मधेच लिहायला जातं, तेवढ्यात दुसऱ्याने लिहिलेलं असेल तर एसक्यूलाइट वाट न बघता सरळ नकार देतं, टाइमआउट कितीही वाढवा. ५.१ पासून डेटाबेसच्या ऑप्शन्समध्ये ‘ट्रान्झॅक्शन_मोड’ला ‘इमीजिएट’ देता येतं, त्याने मूळ दुखणं जातं. सोबत टाइमआउट २० सेकंद आणि ‘इनिट_कमांड’मध्ये जर्नल मोड ‘वॉल’ (बदल आधी वेगळ्या फाइलमध्ये लिहिण्याची पद्धत) ठेवा. ती फाइल नेटवर्कवरच्या सामायिक फोल्डरमध्ये मात्र ठेवू नका, वॉल तिथे चालत नाही.

नाराजी आहे ती देवनागरीबद्दल. पानाचा पत्ता बनवणारं ‘स्लगिफाय’ घ्या. साध्या रूपात मराठी नाव दिलं तर रिकामी ओळ परत येते. ‘अलाउ_युनिकोड’ चालू केलं तर अक्षरं राहतात आणि काना-मात्रा गळतात: ‘केळी’चं ‘कळ’, ‘भुसावळ’चं ‘भसवळ’, ‘नंदुरबार’चं ‘नदरबर’. पायथनच्या रेगेक्समध्ये (मजकुराचे नमुने शोधण्याच्या पद्धतीत) मात्रांची चिन्हं अक्षरात धरली जात नाहीत, हे त्यामागचं कारण. हसू येईल, पण ‘केळी’ आणि ‘कोळी’ दोन्हींचा स्लग (पत्त्यातला तुकडा) ‘कळ’ होतो आणि युनिक रकाना अडतो. स्लग फील्डची तपासणीही मात्रा असलेला मजकूर नाकारते. पत्त्यात आयडी किंवा रोमन लिपीतला कोड वापरावा, वाद घालत बसू नये.

नावांचा क्रमही बिघडतो. युनिकोडमध्ये ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच पुढे बसलेला आहे, म्हणून सभासदांची यादी कोल्हे, कोळी, कोष्टी अशी लागते. मराठीत ‘ळ’ ‘ह’नंतर यायला हवा. पोस्टग्रेसवर नावाच्या रकान्याला ‘डीबी_कोलेशन’मध्ये मराठीचं आयसीयू कोलेशन (वर्णक्रमाचे नियम) द्या, मग कोष्टी आधी आणि कोळी नंतर येतात. शोधात आणखी एक अडचण: ‘शेतकऱ्या’तला अर्धा र वेगवेगळे कीबोर्ड वेगवेगळ्या चिन्हांनी लिहितात, दिसायला एकच. साठवण्याआधी फॉर्मच्या ‘क्लीन’मध्ये मजकूर एका रूपात आणावा लागतो. जँगो हे स्वतःहून करत नाही.

आकड्यांचं जरा बरं आहे. लाख-कोटीची स्वल्पविरामांची पद्धत ‘नंबर_ग्रुपिंग’ला (३, २, ०) दिल्यावर मिळते, सोबत ‘यूज_थाउजंड_सेपरेटर’ चालू. पण साइटची भाषा इंग्रजी असेल तर हे सेटिंग मुकाट्याने डावललं जातं, कारण इंग्रजीची स्वतःची स्वरूप-फाइल तीन-तीनचे गट करते; तिथे ‘फॉरमॅट_मॉड्यूल_पाथ’ देऊन आपली फाइल लिहावी लागते. शिवाय चालू केल्यावर टेम्प्लेटमधला प्रत्येक पूर्णांक स्वल्पविरामाने तुटतो: वर्ष २,०२६ होतं, जावास्क्रिप्टला दिलेला आयडी १,२४५ होऊन बटण मरतं. अशा ठिकाणी ‘अनलोकलाइझ’ लावा. गंमत म्हणजे १२३ हे देवनागरीत टाइप केलेलं पायथन व्यवस्थित समजतं; अडवतो तो ब्राउझरचा नंबर-रकाना. फील्डला ‘लोकलाइझ’ दिलं की तो साधा मजकुराचा रकाना होतो आणि काम भागतं. उलट दिशेने, छापताना देवनागरी अंक हवे असतील तर दहा अंकांचा फिल्टर स्वतः लिहायचा.

६.० मध्ये सर्वांत जास्त चर्चा झालेली गोष्ट म्हणजे पार्श्वभूमीत चालणारी कामं. वाद असा होता की कामं चालवणारा वर्करही जँगोत द्यायचा की फक्त त्यांची व्याख्या करायची पद्धत. दुसरं ठरलं. सोबत आलेले दोन बॅकएंड (कामं हाताळणारे भाग) चाचणीपुरते: एक काम तिथल्या तिथे उरकतो, दुसरा नुसतं नोंदवून ठेवतो. सांभाळणाऱ्यांच्या बाजूने निर्णय शहाणपणाचा आहे, पण सभासदांना रात्री संदेश पाठवण्यासाठी एकट्याने काम करणाऱ्या माणसाला आजही बाहेरचं पॅकेज किंवा क्रॉनच (ठरल्या वेळी काम चालवणारं सर्व्हरचं साधन) लागणार. टेम्प्लेटचे तुकडे एकाच फाइलमध्ये ठेवायची सोय छान आहे; एचटीएमएक्स (पानाचा फक्त तुकडा बदलणारी लायब्ररी) वापरणाऱ्यांना आवडेल. आयडीचा मूळ प्रकारही ६.० मध्ये ‘बिगऑटोफील्ड’ झाला. जुन्या प्रकल्पात ‘डिफॉल्ट_ऑटो_फील्ड’ लिहिलेलं नसेल तर ‘मेकमायग्रेशन्स’ सगळ्या टेबलांच्या की बदलायला निघतं. जुना ‘ऑटोफील्ड’ सेटिंगमध्ये लिहून टाका. २१४ कोटी नोंदींची मर्यादा रावेरच्या केळी गटाला आड येणार नाही.

मराठीपुरतं बघितलं तर जँगोत ‘एमआर’ भाषा आहे, पण तारखा-आकड्यांची स्वरूप-फाइल तिला नाही, त्यामुळे तारीख अमेरिकी क्रमाने, महिना आधी अशी छापली जाते. सेटिंगमधल्या ‘डेट_फॉरमॅट’ला ‘जे एफ वाय’ दिलं की ‘५ मार्च २०२६’ची मांडणी मिळते. मजकुराचे अनुवाद ट्रान्सिफेक्स या अनुवादाच्या साइटवर होतात, ही स्वरूप-फाइल मात्र तिथे चालत नाही. तिच्यासाठी तिकीट आणि पॅच लागतो. हिंदीची फाइल समोर ठेवली तर काम एका संध्याकाळचं आहे: तारखेचा क्रम, वेळेची मांडणी, दशांश चिन्ह, आणि (३, २, ०).